चुना वाळेपर्यंत

दसऱ्याचा रावण जळून आठ-दहा दिवस झाले की हिंगोलीच्या हवेत दोन वास असतात. एक सोयाबीनच्या मळणीचा, कोरडा, नाकात ठाण मांडून बसणारा. दुसरा कापलेल्या गवताचा. पहिल्यानं मला शिंका येतात आणि दुसऱ्यानं माझं हातातल्या कामावरचं लक्ष उडतं. परवा भाजी घेऊन येताना समोरून गवताच्या भाऱ्यांची बैलगाडी गेली आणि मी भर रस्त्यात थांबले. मागून रिक्षावाला म्हणाला, "म्याडम, जरा साईडला व्हता का?" मी झाले साईडला. मन मात्र रिसाल्यामागच्या एका पडक्या भिंतीआड जाऊन पोचलं होतं. तिथं मी एका वर्षीची सगळी दिवाळीची सुट्टी घालवली होती, आणि ती सुट्टी अजून पुरती संपलेली नाही.

त्या वर्षी आमचा तालुका जिल्हा झाला होता. जिकडंतिकडं पाट्या रंगवणं चालू होतं. रंगाऱ्यांना एवढं काम हिंगोलीत पुन्हा कधी मिळालं नसेल. आमच्या शाळेनंही मागं राहायचं नाही म्हणून जिल्ह्यावर स्मरणिका काढायची ठरवली आणि स्टाफरूममध्ये विषयांची वाटणी झाली. मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवून पाच मिनिटं उशिरा पोचले, तोवर औंढ्याचं देऊळ गेलं होतं, सिद्धेश्वरचं धरण गेलं होतं, हळदीचा बाजारही गेला होता. मुख्याध्यापक चष्म्यावरून पाहत म्हणाले, "पाईकराव बाई, तुम्ही इतिहासाच्या. तुम्हाला गोऱ्यांचं कब्रस्तान." सगळे हसले. मीही हसले. आम्ही बौद्ध, आमच्या घरी दिवाळी अशी नसतेच, सुट्टी तेवढी असते. ती फराळात न जाता कब्रस्तानात गेली तर माझं काय बिघडणार होतं?

पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही आमच्या मोहल्ल्यांची नावं आम्ही रोज उच्चारतो. "तोफखान्यात सोडा" असं रिक्षावाल्याला सांगताना तोफ कुणाच्या डोक्यात येत नाही. निजामाच्या काळात इथं फौजेची छावणी होती, तिच्यात गोरे अधिकारी, सार्जंट, गोलंदाज होते, एवढं मी वर्गात पाच मिनिटांत सांगून पुढच्या धड्याला लागत असे. ती माणसं इथं मेलीही असतील आणि मेल्यावर इथंच कुठंतरी पुरली असतील, हा साधा विचार इतकी वर्षं शिकवताना मला एकदाही शिवला नव्हता. त्याची मला आजही लाज वाटते.

पहिल्या दिवशी तिथं गेले तर नुसतं गवत. छातीला लागणारं, वाळायला लागलेलं, कुसळांनी भरलेलं. दोन दगडांवर ठेचकाळून परत आले आणि संध्याकाळभर साडीच्या निऱ्यांतली कुसळं वेचत बसले. आमचे हे म्हणाले, "स्मरणिकेत हीच चिकटवून द्या." मग कुणीतरी सांगितलं की घाई करून उपयोग नाही. दसऱ्यानंतर गवत कापणाऱ्या बाया येतात. त्या जसजशा पुढं सरकतील तसतसे दगड उघडे पडतील.

तसंच झालं. विळ्यांचा सरसर आवाज पुढं पुढं जायचा आणि त्याच्या मागं जमिनीतून दगड वर यायचे. आधी एक कोपरा, मग कड, मग एकदम आख्खी चौकोनी पाठ. कुठं उभा खांब, कुठं छातीशी तुटलेला क्रूस. गेली कित्येक वर्षं मी त्या भिंतीच्या कडेनं शाळेत जात होते आणि आत एवढी वस्ती आहे याचा मला पत्ता नव्हता. मी वही उघडून एकेका दगडावर वाकू लागले.

लिहिणार तरी काय, अक्षरं झिजून गेलेली. घरच्या भिंतीवरचा आरसा काढून नेला. दगडावर बाजूनं ऊन पाडलं की खाचांत सावली भरते आणि अक्षर दिसतं, असं कुठंतरी वाचलं होतं. थोडंफार दिसलं, पण पावसानं खाल्लेल्या दगडापुढं आरशानंही हात टेकले. तेव्हा मला किसनमामा आठवले. ते आमच्या गल्लीत जात्या-पाट्यांना टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायला यायचे. घरोघर मिक्सर आल्यापासून त्यांचं काम कमी झालं होतं, त्यामुळं बोलावल्याबरोबर आले. कुठल्याच भाषेतलं अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. ते दगडापुढं मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि डाव्या हाताची बोटं दगडावरून हळूहळू फिरवू लागले.

"हितं वरून खाली घाव हाय. हितं आडवा. हितं वाकवून आनलाय."

असं म्हणत ते मी शाळेतून नेलेल्या पाटीवर खडूनं तो आकार काढायचे आणि मी वाचायची. एक अक्षर, मग दुसरं. "मला अक्षर न्हाई येत म्याडम," ते म्हणाले, "पर टाकी कशी फिरली ते बोटाला कळतं." एका दगडावर एक अक्षर चक्क उलटं कोरलेलं निघालं. मी म्हटलं, चुकलंय. किसनमामा त्या न पाहिलेल्या कारागिराची बाजू घेऊन म्हणाले, "आपल्यातल्याच कोन्या पाथरवटानं घडवला असंल. सायबानं कागद दिला असंल, ह्यानं तो उलटा धरला असंल. घाव पाहा की किती साफ हायेत." मग त्यांनी त्या उलट्या अक्षरावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं, आपल्या घरातल्या कुणाच्या पाठीवरून फिरवावं तसं.

पहिलं पूर्ण नाव लागलं तो दिवस मी विसरणार नाही. नाव, हुद्दा, मग सगळ्यात शेवटी वय आलं. एकोणीस. मी किसनमामांना पुन्हा बोटं फिरवायला लावली. एकोणीसच. आमच्या शाळेतून दहावीला दोनदा बसून गेलेली पोरं तेव्हा त्याच वयाची होती आणि बसस्टँडवर रसवंतीच्या बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याची चेष्टा करायची. हा मुलगा बोटीत बसून, मग बैलगाडीत बसून इतक्या लांब आला आणि रिसाल्यामागं झोपला. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. आपण एवढा वेळ कुणाच्या उशाशी बसलो होतो ते कळल्याचा.

मग रोज एकेक जण वर येऊ लागला. कुणी पटकीनं गेलेला, कुणी तापानं, कुणी उन्हानं. आणि मधूनमधून ते वाक्य यायचं, लढाईत लागलेल्या जखमांनी. कुणाशी लढताना, ते दगड सांगत नव्हते. ज्यांच्याशी लढले ते कुठं पुरले गेले, ते तर सांगायला दगडही नव्हता. गणिताचे सर एकदा सायकल थांबवून भिंतीवरून म्हणाले, "काहून एवढी तकलीफ करून राहिल्या, म्याडम? हे लोक आपल्यावर राज्य करायला आले होते." त्यांचं खोटं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या मुलानं कुणावर काय राज्य केलं असेल, असं काहीतरी मी पुटपुटले. सर सायकलवर बसून गेले आणि तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. अजून आहे.

माझ्या वहीचा एक कडक नियम होता. जे डोळ्याला दिसलं नाही आणि किसनमामांच्या बोटालाही लागलं नाही, ते लिहायचं नाही. अंदाज नाही, ऐकीव नाही. त्या नियमाचा मला जरा गर्वच होता. यादी भरत आली आणि शेवटी एक रकाना रिकामा राहिला.

कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली एक कबर होती. बाकीचे दगड शेवाळानं काळे, ही तेवढी पांढरीशुभ्र, चुन्याचे थरावर थर चढलेली. तिच्या भोवतीचं गवत विळ्यानं कापलेलं नव्हतं, हातानं उपटलेलं होतं.

"ही जमनीबाईची," किसनमामा म्हणाले. "तिच्या बापाची हाय म्हने."

जमनीबाई गवत कापणाऱ्या बायांतलीच एक. सेनगावच्या वाटेवरच्या तांड्यातून जीपनं यायची. साठीला टेकलेली, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चोळीवर आरशाचे तुकडे. तिचा बाप मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, फौजेच्या खेचरांवर भरती होऊन बर्माला गेला. पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून नेणारी जात, जनावर हाकणं हातातच होतं. जमनीबाई तेव्हा आईच्या मांडीवर होती. बाप परत आला नाही, एक सरकारी कागद आला. गावातले लोक सांगायचे की तिची आई तो कागद घेऊन हिंगोलीत आली, मेलेले शिपाई कुठं असतात म्हणून विचारत फिरली, आणि कुणीतरी या भिंतीकडं बोट दाखवलं. त्या बिचारीनं आत येऊन एक कबर आपल्या नवऱ्याची म्हणून धरली, आणि तेव्हापासून मायलेकी दर दिवाळीला तिला चुना देत आल्या.

मी इतिहासाची बाई. मला ऐकताक्षणी कळलं की हे शक्य नाही. हे दगड त्या लढाईच्या कितीतरी आधीचे. शिवाय माणूस बर्मात गेला, तो इथं कसा येईल? पण खालचं नाव काय ते मला हवं होतं. किसनमामांनी बोटं फिरवून मान हलवली. "घाव बुजले, म्याडम. पन्नास वरसाचा चुना हाय. टाकीनं खरवडावं लागंल." त्यांनी पिशवीतून टाकी काढली मात्र, तिकडून जमनीबाई उठून आली. येताना विळा तिनं लांब गवतात ठेवून दिला.

"त्याला लोखंड लावू नगा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बाकीचं काय बी करा. ह्याला लोखंड न्हाई लावायचं."

किसनमामांनी टाकी पिशवीत घातली. मीही मागं झाले. पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. मला काय दिसत होतं ते स्पष्ट होतं. मी हे नाव वाचलं तर या बाईचा बाप तिच्यापासून जाईल. पन्नास वर्षं जिथं तिनं डोकं टेकलं तिथं कुणी परका निघेल, आणि तो मी काढलेला असेल. नाही वाचलं तर त्या परक्याचं नाव कायमचं चुन्याखाली राहील. दोघंही मेलेले, पण एकाची मुलगी माझ्यासमोर भाकरी खात बसलेली होती.

दुपारी आम्ही तिघं एकत्रच बसायचो. तिची ज्वारीची भाकरी आणि ठेचा, माझा पोळीचा डबा, किसनमामांची बिडी. जमनीबाई एकेका दगडाकडं हनुवटीनं खूण करून विचारायची, "ह्यो कोन? किती वरसाचा?" मी वहीतून वाचून दाखवायची. मायबापाचं काही लिहिलंय का, ते ती हमखास विचारायची. एकोणीस, बावीस असं ऐकलं की जीभ टाळूला लावून च् च् करायची. पांढऱ्या कबरीबद्दल मात्र तिनं कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. मी तिला जपत होते. निदान माझी तशी समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी फार खूश होते.

गवत संपत आलं तेव्हा भारा डोक्यावर घेताघेता ती म्हणाली, "दिवाळीला या बाई. मी चुना देते तवा या. सकाळच्याला. वही घिऊन या." का, ते तिनं सांगितलं नाही.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी एक नंतरचीच गोष्ट. स्मरणिका निघाली. माझा लेख एका कापडदुकानाच्या जाहिरातीशेजारी अर्ध्या पानात बसवला होता आणि यादी जागेअभावी गाळली होती. त्यानंतर काही वर्षांनी बसस्टँडसमोर नेट कॅफे निघालं. कळलं की लढायांत मेलेल्यांच्या याद्या आता तिथं बघता येतात. मी जाऊन बसले आणि जमनीबाईच्या बापाचं नाव टाकलं, फुलसिंग. त्या नावाचे कितीतरी निघाले. कुणाचं गाव पंजाबात, कुणाचं राजस्थानात, कुणाचं लिहिलेलंच नाही. खेचरांवरचे होते, बर्मात गेलेले होते, पण यातला आपला कोणता ते ठरवता येईना. तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत मी तासभर तिथं जाऊन बसते. कॅफेवाला आता न विचारता पंख्याखालचं मशीन देतो. फुलसिंग अजून सापडलेला नाही.

तर दिवाळीची सकाळ. ऊन कोवळं होतं आणि गावात फटाके चालू होते. जमनीबाई आधीच येऊन बसली होती. बादलीत कालवलेला चुना, हातात केकताडाच्या वाखाचा कुंचा. किसनमामा आले नव्हते, त्यांच्या घरी लेकी आल्या होत्या. तिनं मला समोर बसायची खूण केली आणि वरपासून खालपर्यंत कुंचा फिरवू लागली. ओला चुना पांढरा दिसत नाही, मळकट राखाडी दिसतो. सगळा दगड तसा झाला. कुंचा बादलीत टाकून ती बाजूला सरली आणि म्हणाली, "आता पाहा."

ऊन दगडावर आलं होतं. वरची कड वाळून पांढरी होऊ लागली, मग तो पांढरेपणा हळूहळू खाली उतरू लागला. आणि त्या पांढऱ्यात काही राखाडी रेघा तशाच मागं राहिल्या. एक उभी, एक वाकडी. बोटालाही न लागणाऱ्या त्या खाचांवर चुना जाड बसत होता आणि जाड चुना उशिरा वाळत होता. माझ्या डोळ्यांसमोर, कुणी हात न लावता, दगडावर अक्षरं उमटत होती. मी लिहू लागले. जेम्स. पुढचं आडनाव. शिपाई. वय वीस. लढाईत लागलेल्या जखमांनी. त्याच्या सोबत्यांनी हा दगड बसवला. सालाच्या आकड्यांपर्यंत पोचले तोवर वरचं नाव पुसट झालं होतं, आणि आकडे हाताला लागायच्या आत सगळा दगड पांढरा झाला. नाव नाही, वय नाही, काही नाही. मला कोरीव लेणी पाहून, मोठमोठे स्तूप पाहून भरून आलं आहे, पण त्या दोन-चार मिनिटांइतकं थक्क मी आयुष्यात कधी झाले नाही.

"दरसाली उमटतं," जमनीबाई म्हणाली. "याडी दाखवायची मला, माझी माय. चुना वाळंस्तोर ऱ्हातं, मंग जातं. वाचनारं कोनी न्हवतं." मग पदराला हात पुसत, "काय लिवलंय?"

मी वही मिटली. "नीट लागलं नाही, जमनीबाई. फार लवकर गेलं."

तिनं हनुवटीनं वहीकडं खूण केली. "लिवलं तर हाय तुमी."

मी वही पदराआड ओढली.

"ह्यो माझा बा न्हाई, बाई," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. याडीला बी म्हाईत व्हतं."

"पण गावात सगळे म्हणतात..."

"म्हनू द्या. मला कोनी इचारलं का कधी? तुमी तरी इचारलं का?" ती रागावली नव्हती. "याडीला सायबानं सांगितलं व्हतं, तो बर्मात गेला, तिकडंच मातीत गेला. ती हितं येऊन बसली रडत. ह्या दगडावर गवत माजलं व्हतं. तिनं पाह्यलं, ह्याचं कोनी न्हाई. ह्याची माय बी कुठं अशीच बसली असंल. म्हनली, आपुन ह्याचं करू, तिकडं आपल्या मानसाचं कोनी करंल. लोखंडानं मेला असंल, म्हून लोखंड नगं म्हनायची."

मी इतके दिवस जिला जपत होते ती मला हे सांगत होती. माझी मान खाली गेली. इतकी मोठी गोष्ट माझ्या शेजारी बसून रोज भाकरी खात होती आणि मी तिच्या अज्ञानाची कीव करत होते.

तिनं डब्यातून आणलेले निखारे दगडाच्या पायथ्याशी गोवरीवर ठेवले, फुंकर घातली. पदराच्या गाठीतून गूळ काढला, वाटीत तूप-भात होता. तांड्यात याला धबुकार म्हणतात. दिवाळीला गेलेल्या माणसांचं नाव घेऊन विस्तवावर तुपाचा घास सोडायचा.

"नाव घिऊन द्यावं लागतं," ती म्हणाली. "बाचं नाव घेते. ह्याला नुसतं 'तू बी घे' म्हनते. बरं न्हाई दिसत ते. पाव्हन्याला असं कोनी वाढतं का? इतके दिस पाहून राहिले, तुमी बाकीच्यायचं कसं वाचता ते. बराबर वाचता. म्हून बलावलं."

मी वही उघडली आणि वाचलं. पूर्ण नाव, वय, सोबत्यांनी दगड बसवला तेही. ती दोनदा माझ्यामागून म्हणाली, तिसऱ्यांदा स्वतःच. मग तिनं एक घास निखाऱ्यावर सोडला, "फुलसिंग." दुसरा सोडला, "जेम्स." तूप पेटलं, ज्योत वर आली, आणि तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मीही लावले.

धूर विरल्यावर ती माझ्याकडं वळली. डोळ्यांत पाणी होतं, की धुरानं आलं होतं, सांगता येणार नाही.

"तिकडं बी कोनी वाचत असंल न्हाई का, बाई? फुलसिंग म्हून?"

वही माझ्या मांडीवर उघडी होती.

"व्हय," मी म्हणाले. "वाचत असणार."